तीस भागिले एकोणपन्नास

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसचं, म्हणजे फीसाठी आर्थिक मदत देणाऱ्या ऑफिसचं, पत्र आलं. माझी मदत पूर्ववत झाली आहे. आईने ते छापून घेऊन देवापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आधी काकूंना कळव." मी फोन केला, तर तुम्ही "छान झालं रे, बाबा आता चालायला जातात का?" म्हणून विषयच बदललात. फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण इथे न्यू जर्सीत एडिसन-इझलिनकडे आमच्यासारखी, भावाबहिणीच्या अर्जावर वर्षानुवर्षं थांबून ग्रीन कार्डवर आलेली मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांना फॅफ्सा, म्हणजे या मदतीचा सरकारी अर्ज, भरायला कोणीतरी शिकवतं. मिळालेली मदत टिकवायची कशी, हे मात्र मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या जूनमधली ती दुपार तुम्हाला आठवत असेल. आई ज्या दुकानात गल्ल्यावर बसते, तिथे तुम्ही भाजी घ्यायला आला होतात. आईचे डोळे सुजलेले बघून तुम्ही विचारलंत, माझी मदत बंद झाल्याचं तिने सांगितलं. तुम्ही पिशवी तिथेच ठेवून म्हणालात, "त्याला म्हणावं, ट्रान्स्क्रिप्ट घेऊन संध्याकाळी घरी ये." तुम्ही एका कॉलेजात आर्थिक मदतीचंच काम वर्षानुवर्षं केलंय, हे आईला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

मी आलो तेव्हा माझ्या हातात दोन कागद होते. एकावर लिहिलं होतं की माझं अकॅडमिक स्टँडिंग (अभ्यासातली स्थिती) उत्तम आहे, जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, ३.२. दुसऱ्यावर लिहिलं होतं की सॅटिस्फॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस, म्हणजे अभ्यासात पुरेशी प्रगती, नसल्यामुळे माझी मदत बंद झाली आहे. पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारचं अनुदान, बंद, राज्याची मदतही बंद. एकाच कॉलेजची दोन पत्रं, एकाच महिन्यातली. मला वाटलं, काहीतरी चूक झाली असणार. बाबा म्हणत होते कर्ज काढू. आई पाटल्या मोडायचं बोलत होती. आणि मी ठरवलं होतं की एक सत्र घरी बसायचं, म्हणजे मदत आपोआप सुरू होईल.

तुम्ही पेन्सिल घेतलीत आणि कागदावर मधोमध रेघ मारलीत. डावीकडे घेतलेले क्रेडिट (विषय ज्यात मोजतात ते एकक), उजवीकडे पास झालेले. पहिलं सत्र १२ आणि १२. दुसऱ्यात घेतले १३, कॅल्क्युलस सोडलं, म्हणून ९. तिसऱ्यात घेतले १२, उरले ३. चौथ्यात १२, उरले ६. बेरीज माझ्याकडूनच करून घेतलीत. ४९ पैकी ३०. भागाकारही मलाच करायला लावलात. ६१ टक्के.

"आणि लागतात किती?" मी विचारलं.

"सदुसष्ट."

तेव्हा मला डब्ल्यू म्हणजे काय ते कळलं. विषय सोडला की ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू लागतो आणि जीपीएला धक्का लागत नाही, एवढंच मित्रांकडून ऐकलं होतं. ते खरंही आहे. पण डब्ल्यू डावीकडच्या रकान्यातून जात नाही. विषय घेतला गेला, पास झाला नाही, हिशेबात तो नापासासारखाच. तुम्ही तीन मापं सांगितलीत, ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत. गुण, म्हणजे साधारण २.० जीपीए. वेग, म्हणजे हे सदुसष्ट टक्के. आणि मुदत, म्हणजे ६० क्रेडिटची पदवी असेल तर ९० क्रेडिट घेऊन होईपर्यंतच मदत. तिन्ही एकदम पाळावी लागतात. काही कॉलेजं दर सत्राला हिशेब करतात, तिथे आधी एका सत्राचा इशारा मिळू शकतो. आमचं कॉलेज वर्षातून एकदाच करतं, म्हणून मला इशारा न येता थेट पत्र आलं. कॉलेजातून कोणी काढलेलं नव्हतं, फक्त फी स्वतः भरायची होती. आणि घरी बसून ३० चे ३१ होत नाहीत, हे तुम्ही इतक्या हळू आवाजात सांगितलंत की मला रागही आला नाही.

तिसऱ्या सत्रात काय झालं, हे तुम्ही नंतर विचारलंत. बाबांना ऑक्टोबरमध्ये हार्ट अटॅक आला, बायपास झाली. तेव्हा घाबरून मी सगळेच विषय सोडणार होतो, पण एका प्राध्यापकांनी राहा म्हटलं म्हणून एक ठेवला. तुम्ही म्हणालात, तो एक ठेवलास ते फार बरं केलंस. साठ टक्के सत्र व्हायच्या आत सगळं सोडलं असतं, तर मिळालेल्या ग्रँटचा काही भाग परत करावा लागला असता. हेही मला तेव्हाच कळलं.

मदत पुन्हा सुरू करा म्हणून कॉलेजकडे अपील करता येतं, हे तुमच्याकडूनच समजलं. त्या रात्री मी दोन पानं लिहून आणली. त्यात क्षमा होती, विनंती होती, दहावीचे टक्के होते. तुम्ही शांतपणे वाचलीत आणि बाजूला ठेवलीत. "समितीला दोनच गोष्टी कळायला हव्यात. काय घडलं, आणि आता काय बदललंय."

काय घडलं, ते मला लिहायचं नव्हतं काकू. बाबा तेव्हा पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचे. न्यू जर्सीत गाडीवाल्याने स्वतः पेट्रोल भरायचं नाही असा कायदा आहे, म्हणून आमच्यासारख्यांना ते काम मिळतं. बाबा अंथरुणावर असताना त्यांची जागा जाऊ नये म्हणून रात्री दहा ते सहा मी उभा राहिलो, आणि सकाळच्या तासांना जाणं सुटलं. कराडला बाबांचं स्वतःचं दुकान होतं. कुणा अनोळखी ऑफिसरला हे सांगताना बाबांची मान खाली जाईल असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "बापाची नोकरी राखलीस. यात लपवण्यासारखं काय आहे? लिही." मी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिलं. तुम्ही पोहे केलेत आणि माझ्याकडे बघितलंही नाहीत, याबद्दल मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे.

मग हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या कागदावरच्या तारखा आणि विषय सोडल्याच्या तारखा तुम्ही शेजारी शेजारी मांडायला लावल्यात. काय बदललं त्याखाली आलं, बाबा आता एका दुकानात दिवसा बसून काम करतात आणि मी फक्त शनिवार-रविवार करतो.

आणि पुढच्या सत्रात किती क्रेडिट घ्यायचे, तो प्रश्न. मी १२ घेऊन दाखवतो म्हणत होतो. तुम्ही पुन्हा पेन्सिल घेतलीत. १२ घेतले आणि एक विषय सुटला तर ६१ पैकी ३९, म्हणजे ६४ टक्के, पुन्हा बंद. ९ घेऊन नऊच्या नऊ पास झालो तर ५८ पैकी ३९, सदुसष्टच्या जेमतेम वर. पेल तीन-चतुर्थांशच मिळेल, पण मिळेल. "हिंमत नंतर दाखव," म्हणालात, "आधी आत ये." अपील मंजूर झालं, एका सत्राचं प्रोबेशन मिळालं, म्हणजे तेवढ्या सत्रापुरती अटीवर मदत. मी नऊच घेतले. नऊही पास झालो. कॅल्क्युलस त्यातच होतं.

तुम्ही नोव्हेंबरात लेकीकडे टेक्ससला राहायला गेलात तेव्हा निकाल यायचा होता, म्हणून तुमच्यासमोर हे सांगता आलं नाही. परवा माझ्या वर्गातली एक मुलगी दोन विषय सोडायला निघाली होती. डब्ल्यूने काही होत नाही, असं तिलाही कोणीतरी सांगितलं होतं. मी तिला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि कागदावर मधोमध रेघ मारली. तिचं गणित ७१ वर आलं, एक विषय सोडण्यापुरती जागा होती. तिने एकच सोडला.

या सत्रात १२ घेतले आहेत. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे, आणि आईने विचारलंय की टेक्ससला मेथी चांगली मिळते का.

तुमचा,
तुमच्या टेबलाशी बसून अपील लिहिलेला विद्यार्थी

ता. क. ती पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे. तुम्ही उन्हाळ्यात इकडे आलात की परत देईन.