होममधला लोखंडी खांब

पीटरबरो,
१४ ऑक्टोबर

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालास तरी तुझ्या डोक्यातलं पाणी काही ओसरत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. आमच्या दक्षिणेला, गाडीने थोड्याच अंतरावर, होम नावाचं खेडं आहे. तिथली हकीकत तुला आवडेल आणि थोडा रागही येईल.

या गावाजवळ पूर्वी व्हिटल्सी मियर हे सरोवर होतं. इंग्लंडच्या सखल भागातलं सगळ्यात मोठं. उन्हाळ्यात दीड हजार एकरांच्या वर आणि हिवाळ्यात जवळजवळ दुप्पट! लोक बोरू कापायचे, मासे धरायचे, पाणी गोठलं की त्यावर स्केटिंगच्या शर्यती लावायचे. पण फार रम्य चित्र उभं करू नकोस. दलदलीत हिवताप पाचवीलाच पुजलेला. त्यावर परसात लावलेल्या खसखशीच्या बोंडांचा काढा प्यायचा. अफूचं तर इथे कुणाला काही वाटत नसे.

सतराव्या शतकात डच इंजिनिअर व्हर्म्युडेनने कालवे खणून इथल्या दलदलीचा मोठा भाग कोरडा केला, पण हे सरोवर वाचलं. पुढे १८५१ मध्ये विल्यम वेल्स आणि इतर जमीनदारांनी ते उपसायला घेतलं. त्याच वर्षी लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात गाजलेला ॲपोल्डचा वाफेवरचा पंप त्यांनी लावला. पुढच्या वर्षी बांध फुटला, सरोवर पुन्हा भरलं आणि त्याच पंपाने पुन्हा रिकामं केलं. तळाच्या चिखलात काय सापडलं असेल? रॅम्सीच्या मठाचं चांदीचं धूपपात्र आणि नावेच्या आकाराची ऊददाणी, जिच्या दोन्ही टोकांना मेंढ्याची मुंडकी आहेत. दोन्ही वस्तू आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मठ १५३९ मध्येच बंद झाला होता, पण ही चांदी पाण्यात बुडाली कशी, यावर गप्पा रंगवायला आपल्याला एक संध्याकाळ पुरणार नाही.

आता मुख्य गोष्ट. पाणी काढलं की जमीन खचणार, हे वेल्सच्या लक्षात आलं होतं. म्हणून खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत एक लोखंडी खांब पुरला, वरचं टोक बरोबर जमिनीच्या पातळीला. हा खांब क्रिस्टल पॅलेसमधला, म्हणजे त्याच लंडनच्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या काचेच्या इमारतीतला, असं इथे सांगतात. आज त्याच्याजवळ उभा राहून मी हात उंच केला, तर टोक माझ्या बोटांच्याही बरंच वर! साधारण चार मीटर खांब उघडा पडलाय. तो डगमगू लागला म्हणून १९५७ मध्ये त्याला पोलादी तारांचे ताण दिले. इथली जमीन समुद्रसपाटीपासून पावणेतीन मीटर खाली आहे. ब्रिटनमधली सगळ्यात खोल जागा हीच.

कारण तुझ्याच विषयातलं आहे. ही माती म्हणजे पीट, हजारो वर्षं पाण्यात न कुजता साचलेला पाला. पाणी काढलं की आधी ती आकसते, मग हवा लागून कुजते, कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. उरलेली वसंतातल्या वाऱ्याने धुळीसारखी उधळते. म्हणजे पीक उत्तम, पण जमीनच दरवर्षी थोडी थोडी खर्ची पडते. आणि जमीन खाली गेली की पाणी वर उचलायला आणखी पंप! १८५० मध्ये लोहमार्ग टाकताना याच मातीत काटक्यांच्या मोळ्या पसरून त्यावर रूळ घातले होते. त्या युक्तीला मात्र दाद द्यायलाच हवी.

२००१ पासून ‘ग्रेट फेन’ प्रकल्पात इथलं पाणी पुन्हा वर आणायला सुरुवात झाली आहे. होमचं बर्चचं जंगल आणि वुडवॉल्टनची दलदल जोडायची, तब्बल ३,७०० हेक्टर. काही शेतकरी कुरकुरतात, आणि त्यांचं अगदीच चुकत नाही. चार पिढ्या पंप चालवून कमावलेली शेतं आहेत. तरी मला विचारशील तर पाणीवाल्यांची बाजू पटते. तुझं मत सविस्तर लिही, दोन ओळींत उडवून लावू नकोस.

मे महिन्यात येतोयस ना? गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आण, इथे तुझ्या मापाचे मिळणार नाहीत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप