रे सा रे सा रे म ग रे

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर आवाज तुटत होता त्यामुळे बाबा तुमच्या प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही, म्हटलं लिहूनच काढते. पाचशे वर्षांपूर्वीच्या चर्चमधल्या गाण्यासाठी इटलीत जाऊन तू नक्की काय शिकतेस, गाणं की इतिहास, असं तुम्ही विचारलंत. बाबा, माझा निम्मा दिवस तुम्ही ट्रेझरीत बत्तीस वर्षं जे केलंत त्यातच जातो. कीर्द, खतावणी, कुणाला किती दिले, कशापोटी दिले.

सध्या मी मोडेनाला आहे. अभ्यास फेराराच्या दरबाराचा, पण कागद इथे, कारण 1597 मध्ये तिथला ड्यूक आल्फोन्सो दुसरा मूलबाळ नसताना वारला, पुढच्या वर्षी पोपने फेरारा ताब्यात घेतलं आणि त्याचं एस्ते घराणं दप्तरासकट इकडे मुक्कामाला आलं.

त्याच्या शंभर वर्षं आधीची गोष्ट सांगते, ती तुम्हाला आवडेल. ड्यूक एर्कोले पहिला याला 1502 मध्ये आपल्या चॅपेलसाठी, म्हणजे दरबारातल्या प्रार्थनेच्या गायकवृंदासाठी, नवा संगीतकार हवा होता. नावं दोन, जोस्कँ दे प्रे आणि हाइनरिख इझाक. ड्यूकच्या एका माणसाने कळवलं की जोस्कँला आणलंत तर असं चॅपेल कुठल्या राजाकडे नसेल. दुसऱ्याने लिहिलं, इझाक बरा, माणसांत मिळूनमिसळून राहतो, नवीन रचना लवकर देतो, जोस्कँ लिहितो जास्त चांगलं पण त्याच्या मनात येईल तेव्हा, आपल्याला हवं तेव्हा नाही, शिवाय तो 200 डुकॅट मागतोय आणि इझाक 120 वर यायला तयार आहे. बाबा, टेंडरची फाईल वाचतोय असंच वाटतं ना! आणि ड्यूकने महागडा निवडला. कारण गवई म्हणजे दरबाराची पत, मिलानकडे कोण आहे, रोमकडे कोण आहे, यावर सगळ्यांचं लक्ष. कोल्हापूरला शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना ठेवून घेतलं तो काळ आणि ते जग वेगळं, पण दरबारी आश्रय म्हणजे काय हे मला समजलं ते तुमच्याकडून ऐकलेल्या त्या गोष्टींमुळेच.

जोस्कँ 1503 मध्ये आला आणि वर्षभरातच गेला, गावात प्लेग होता. त्याच्या जागी ओब्रेख्त आला, तोही फार मोठा संगीतकार, पण काही महिन्यांत ड्यूक वारला, नव्या ड्यूकने त्याला काढून टाकलं आणि 1505 मध्ये तो फेरारातच प्लेगने गेला. नोकरी अशी मालकाच्या श्वासावर. आणि ही माणसं बहुतेक उत्तरेची, आत्ताचं बेल्जियम आणि उत्तर फ्रान्स, लहानपणीच कांब्रेसारख्या कॅथेड्रलच्या शाळेत ठेवलेली, आवाज चांगला म्हणून, आणि मोठी झाली की आल्प्स ओलांडून इकडे पोटासाठी. घरी पत्रं पाठवत असतील का, हा विचार मला इथे रात्री हमखास येतो.

नुसत्या रोख पगारावर भागत नव्हतं. एखाद्या चर्चच्या उत्पन्नातला वाटा गवयाच्या नावे लावून द्यायचे, आपल्याकडे देवस्थानच्या इनाम जमिनीवर गुरव जगायचे साधारण तसं, आणि त्याला पोपची मंजुरी लागायची. त्यामुळे कोण कुठल्या साली कुठे होता हे कळायला गाण्याची वही पुरत नाही, उत्पन्न कुठल्या गावातून येतंय तेही शोधावं लागतं.

आई, आता तुझ्यासाठी. जोस्कँने याच ड्यूकच्या नावावर एक मिसा रचली, म्हणजे प्रार्थनेची गाणी. लॅटिनमधलं नाव हेर्कुलेस दुक्स फेर्रारिए. त्यातल्या अक्षरांचे स्वर काढ, ए उ ए उ ए आ इ ए. त्यांची सरगम उत रे मी फा सोल ला अशी, उत म्हणजे आपला सा. ए ला रे, उ ला उत, आ ला फा, इ ला मी असं जुळवलं की झालं रे उत रे उत रे फा मी रे, म्हणजे रे सा रे सा रे म ग रे! बाकीचे आवाज भोवती फिरत असतात आणि मधला गायक हे आठ स्वर पुन्हापुन्हा लांबवून धरतो. मालकाचं नाव देवाच्या प्रार्थनेत असं विणलेलं, आणि तरी ते ऐकताना मला लाचारी ऐकू येत नाही, इतकं सुंदर आहे ते.

अजून एक सांगायचं होतं, फोनवर जमलं नसतं. 1580 पासून त्याच फेरारात बायकांचा एक गायनसंच होता, लाउरा पेवेरारा, अॅना ग्वारिनी, लिव्हिया दार्को. सगळ्या युरोपात नाव, पण दरबारात त्यांची नेमणूक गायिका म्हणून नव्हती, डचेसच्या सख्या म्हणून होती. त्यांचं खास दरबारापुरतं गाणं ड्यूक आल्फोन्सो दुसरा जिवंत असेपर्यंत छापलं गेलं नाही, दरबारातला संगीतकार लुझ्झास्की याने त्यातलं काही 1601 मध्ये छापलं. तोवर अॅना या जगात नव्हती, 1598 मध्ये नवऱ्यानेच तिचा खून केला होता. हे वाचलं त्या दिवशी मला तुझी रेडिओची ऑडिशन आठवली, जिला आजोबांनी तुला जाऊ दिलं नाही आणि तू पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाहीस. आई, मी माझ्या प्रबंधात या तिघींवर अख्खं प्रकरण लिहिणार आहे, गाइड म्हणाल्या लांबेल, लांबू दे.

बाबांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते कळवा, टाळू नका. आणि आई, ते आठ स्वर पेटीवर वाजव, अगदी सावकाश, आधी रेपासून, मग तेच आठ स्वर वर चढवून धपासून, मग वरच्या सप्तकात. जोस्कँने असंच केलंय. बाबांना फोन धरायला सांग आणि रेकॉर्ड करून पाठव, पेटीचा भाता करकरला तरी चालेल.

तुमची,
चिमी