केनिया सफारी: पैसे भरण्याआधी विचारून घ्या

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

मे आणि दिवाळीच्या सुटीतल्या केनिया सफारीच्या जाहिराती आता सांगली-मिरजेतही जोरात आहेत. पण मसाई मारा या तिथल्या अभयारण्याचे चक्र आपल्या शाळांच्या सुट्या बघून फिरत नाही. वाइल्डबीस्टचे (गुरासारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊस. गवत इतके माजते की पहुडलेला सिंह तीस फुटांवरूनही नजरेतून सुटतो, आणि जमीन कृष्णाकाठच्या रानासारखी काळी, चिकट असल्याने गाड्या रुततात. सिंह, हत्ती, जिराफ बारमाही असतात, त्यामुळे मेमध्ये जायला हरकत नाही. फक्त नदीवरचा तो देखावा मिळेल असे धरून पैसे भरू नयेत.

दुसरा प्रश्न वेळेचा. अभयारण्याचे फाटक सकाळी ६ला उघडते आणि खरे काम पहिल्या तीन तासांत होते. सिंह दिवसाचे सोळा-वीस तास लोळत काढतो. दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, मग लाखाची लेन्स असली तरी लांबचा फोटो पुसटच येतो. आपले टूरवाले नेमके हेच तास गरम पोह्यांवर घालवतात! नाष्टा डब्यात बांधून द्या, असे आधीच ठरवून घ्यावे. चित्ता मात्र दिवसाउजेडी शिकार करतो. तो हवा असेल तर जेवणही सोबत घेऊन दिवसभर बाहेर राहावे.

मैदानात थेट प्राणी शोधत बसू नये, इतर जनावरे कुठे बघतात ते बघावे. हरणांचा अख्खा कळप चरणे थांबवून एकाच दिशेला माना रोखून उभा असला, तर तिकडे काहीतरी आहे. गिधाडे एकामागून एक खाली उतरत असतील तर मढे पडलेले असते. झाडावर नुसतीच बसून असतील तर बहुधा शिकारी अजून ताव मारतोय. बिबट्याची आधी लोंबती शेपटी दिसते, म्हणून मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या तपासाव्यात. चित्त्यासाठी वारुळांचे माथे.

दुर्बीण ८×४२ची (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), माणशी एक. कॅमेऱ्याआधी ही घ्यावी. १२ पटीची गाडीत हलते, चित्र स्थिर राहत नाही. निघण्यापूर्वी मायणीच्या पक्ष्यांच्या तलावावर किंवा सागरेश्वर अभयारण्यात चार सकाळी हात बसवावा. गाडीत प्रत्येकाला खिडकी मिळेल का, हे लेखी घ्यावे. फोटो काढताना इंजिन बंद करायला सांगावे. कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) गाडीत उभी राहत नाही. कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून खिडकीवर ठेवले की लेन्स त्यावर छान टेकते.

एका प्राण्याभोवती पाचच गाड्या, किमान २५ मीटर अंतर आणि मागे रांग असेल तर दहा मिनिटे, असा तिथला नियम आहे. बक्षिसी दाखवून चालकाला रस्ता सोडायला लावू नये. गाड्यांनी घेरले की चित्ता शिकार सोडून देतो.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यावी. तिचे प्रमाणपत्र भारतात परतताना मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केनियात २०१७पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा भडंग कापडी पिशवीत किंवा डब्यात भरावे.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली