टीव्हीने आधी सांगितलं

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोघांनीच मिरजेत राहण्याचा विषय काढला की आई रडते आणि बाबा, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून दोघांनी एकत्र वाचा, आधी एकट्याने वाचून दुसऱ्याला अर्धंमुर्धं सांगू नका.

परवा आईने विचारलं, "अगं, यूट्यूबवर कीर्तन लावलं की मध्येच ती म्हाताऱ्यांच्या घरांची जाहिरात का लागते?" मागून तुमचा आवाज आला, "लेकीलाच विचार." मी हसण्यावारी नेलं. रात्री झोप लागली नाही.

तर ती जाहिरात माझ्यामुळेच लागत होती. दिवाळीत नवा टीव्ही जोडताना घाईघाईत मी माझंच गूगलचं खातं टाकलं आणि तसंच राहू दिलं. त्यामुळे मी पुण्यात मोबाइलवर जे शोधते, त्याच्या जाहिराती मिरजेत तुमच्या पडद्यावर येतात. जानेवारीत बाबा बाथरूममध्ये घसरले, त्या आठवड्यात मी रात्र रात्र ज्येष्ठांसाठीच्या वसाहती शोधत होते. दोन ठिकाणी चौकशीचा अर्जही भरला. मला तुमच्याशी बोलायचा धीर व्हायच्या आधी टीव्हीनेच चहाडी केली.

एक जागा मी बघूनही आले. लपवत नाही. स्वच्छ होती, जागोजागी धरायला दांड्या होत्या, माणसंही बरी वाटली. पण रात्रीचं जेवण साडेसहाला. साडेसहाला बाबांचा दुसरा चहा असतो! मी गाडीत येऊन बसले, थोडी रडले, आणि तो विषय माझ्यापुरता संपला. जाहिरातवाल्यांना तो संपल्याचं कळलं नाही, ते अजून माझ्या मागे आहेत.

आई, टीव्ही आपलं बोलणं ऐकतो असं तुझं ठाम मत आहे. "गुडघा म्हटलं की तेलाची जाहिरात हजर." पण तुझ्या मालिकेतल्या त्या जाहिराती डिशवरून येतात. उपग्रहावरून सगळ्यांना एकच येतं, शेजारच्या काकूंकडेही त्याच क्षणी तेच तेल. देशभरात काही निवडक घरांत 'बार्क'ची, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेची, मीटरं बसवलेली असतात. कुठल्या वेळी कुठल्या वयाची माणसं काय बघतात, हे त्यावरून काढतात आणि त्या हिशेबाने जाहिरातींची वेळ विकली जाते. तुझा गुडघा कुणाला माहीत नाही गं, तुझ्या वयाच्या समस्त बायकांचे गुडघे माहीत आहेत.

बाबा लगेच म्हणतील, मग डिश बरी. अगदी तसंही नाही. अमेरिकेत विझिओ नावाच्या कंपनीचे टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे तुकडे सेकंदासेकंदाला टिपून घरात काय बघतात ते ओळखत होते, मग ते केबलवरचं असो की डीव्हीडीवरचं. 1 कोटी 10 लाख टीव्ही, आणि लोकांना धड विचारलेलंही नाही. 2017 साली तिथल्या सरकारी आयोगाशी तडजोड करून कंपनीला 22 लाख डॉलर भरावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्याचं कात्रण तुम्ही फडताळाच्या दारावर आतून चिकटवलंत, आठवतंय? आपल्या टीव्हीतही असलं काही चालू असेल तर शनिवारी येऊन मी बंद करते. माझं खातं इथूनच काढून टाकलंय. जाहिराती लागतीलच, पण माझ्या मागावरच्या नाहीत.

बाबा गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि मी खिडकीतून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" मग आईची हाक, "आता हात काढू नका हो!" त्या पेटीला आपल्याबद्दल काडीचीही माहिती नव्हती.

आता खरं सांगायचं ते. आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा 1 जूनपासून भाड्याने घेतली आहे. आगाऊ रक्कम भरून झाली. विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि पावसाळ्यात पुन्हा ती बाथरूमची फरशी. मिरजेहून पुण्याला औषधपाण्यासाठी जायचं म्हणजे उलटी गंगा, हे मला बाबांनी सांगायला नको. डॉक्टर मिरजेत भरपूर आहेत. रात्री दोन वाजता त्यांच्यापर्यंत नेणारं कोणी नाही. आई, ती जागा जावयाच्या घरात नाही, तुमच्या नावावर करार आहे, भाडंही हवं तर बाबांनी पेन्शनीतून द्यावं. ओटा तुझ्या उंचीचा करून घेतेय. सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात येतं. वाचनालय चार मिनिटांवर आहे, मी घड्याळ लावून चालले. मिरजेचं घर विकायचं नाही, किल्ली तुमच्याकडेच राहील, दिवाळीला सगळे तिथेच.

तोवर मात्र ऐकायचं. मधुमेह मुळापासून घालवतो म्हणणाऱ्या जाहिरातीतल्या नंबरावर फोन करायचा नाही. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे, बाबा, तुम्ही तरी असं करू नका. पडद्यावरचा चौकोनी कोड मोबाइलने टिपायचा नाही. टीव्हीने "मान्य आहे?" विचारलं की मान्य नाही. बीपीची गोळी सकाळची सकाळीच. बाथरूममध्ये रबरी चटई मी पाठवली होती ती, आई, कपाटातून बाहेर काढ. जपून वापरायची वस्तू नाही ती.

रागवा, पण शनिवारी जेवायला वाढा. आमटी आंबट कर.

आणि तुळशीची कुंडी टेम्पोत द्यायची नाही. ती मी मांडीवर घेऊन येईन.

तुमची,
मनी