पसंती म्हणजे आकलन नव्हे

डिजिटल अध्यापनाविषयी विद्यापीठीय विद्यार्थ्यांची मते मांडणारा आपला लेख वाचला. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने हवी तेव्हा थांबवून पुन्हा ऐकता येतात, हा विद्यार्थ्यांनी सांगितलेला फायदा खराच आहे. मात्र त्या पसंतीवरून शिकणे सुधारले, असा निष्कर्ष काढणे घाईचे वाटते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्गातच स्वतः उदाहरणे सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले, पण चाचणीत तेच सरस ठरले. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांचे नेमके उलट झाले. (तो प्रयोग डिजिटल साधनांचा नव्हता, हे मान्य.) तेव्हा विद्यापीठांनी विद्यार्थ्यांचे अभिप्राय जरूर मागवावेत, पण साधनांची खरेदी ठरवताना चाचण्यांचे निकालही पाहावेत.