न्यूनेनचं छोटं चर्च

आम्सटरडॅम, रविवार

प्रिय बाळ्या,

काकू आता उठून बसतात का? मांडीचं हाड जुळायला वेळ लागतोच, त्यातून त्यांचं हे वय. तुझा फोन आल्यापासून त्याच डोळ्यांसमोर आहेत. म्हणून की काय, काल व्हॅन गॉग म्युझियममध्ये एका चित्रापुढून माझा पाय निघेना.

चित्र हातभरही नाही, उंची जेमतेम ४१ सेंटिमीटर. न्यूनेन हे हॉलंडच्या ब्राबांट भागातलं खेडं आणि चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे वडील तिथल्या या छोट्या चर्चचे पाद्री. १८८४ च्या जानेवारीत आगगाडीतून उतरताना त्याच्या आईचं मांडीचं हाड मोडलं. हो, मांडीचंच! त्याने तिची शुश्रूषा मन लावून केली आणि अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी हे चर्च रंगवलं. झुडपांचं कुंपण, थंडीतली उघडी झाडं आणि पुढे फावडं घेतलेला एक शेतकरी. बाकी कोणी नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये वडील अचानक गेले. बापलेकांचं कधी धड पटलं नव्हतं. त्यानंतर त्याने हे चित्र पुन्हा हाती घेतलं. शेतकऱ्याला रंगाखाली झाकलं आणि तिथे चर्चमधून बाहेर पडणारी माणसं आणली. काही बायकांच्या अंगावर सुतकातल्या शाली आहेत. झाडांना तांबूस पानं आली, ती गळायच्या बेतातली. त्याने असं का केलं, यावर जाणकार काहीही म्हणोत, मला मात्र त्या शालींपाशी वडिलांशी बोलायचं राहून गेलेलं सगळं दिसलं. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

२००२ च्या डिसेंबरात चोरांनी शिडी लावून याच म्युझियममधून हे चित्र पळवलं. ते सापडलं २०१६ मध्ये, थेट इटलीत, नेपल्सजवळ. आईसाठी काढलेलं चित्र, आणि चौदा वर्षं गुन्हेगारांच्या हाती! कडेला थोडी इजा झाली, पण माणसं, पानं, चर्च सगळं शाबूत आहे.

बाळ्या, तुझ्या ट्रंकेत आपल्या भैरोबाच्या देवळाचं जलरंगातलं चित्र असेल ना? काका होते तेव्हा काढलेलं. पार रिकामाच ठेवला होतास तू. ते काढ आणि काकूंना पडल्या पडल्या दिसेल असं समोरच्या भिंतीवर लाव. आणि पारावर काकांना बसवावंसं वाटलं, तर बसव.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
दोस्त