टायर बदलण्याआधी बेअरिंग तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा अनेक गाड्या चाके बुडेपर्यंत पाण्यात उभ्या होत्या. अशा वेळी सीट, वायरिंग, इंजिन ऑइल सगळे आठवते. चाकाचे बेअरिंग, म्हणजे चाक ज्या पोलादी गोळ्यांच्या कड्यावर फिरते ते, राहून जाते. सीलमधून पाणी आत गेले की ग्रीस दुधाळ होते आणि गोळ्यांच्या वाटेवर गंज धरतो. गाडी लगेच बोलत नाही. पुढे कधीतरी चाळीस-पन्नासच्या वेगाला 'घूंऽऽ' सुरू होते, वेगाबरोबर वाढत जाते आणि गॅरेजवाला टायरकडे बोट दाखवतो. टायरचे हजारो रुपये जातात, आवाज मात्र तसाच राहतो.

टायर आणि बेअरिंग यांतला फरक घरच्या घरी कळतो. मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगात क्लच दाबा. इंजिन मंदावूनही घरघर तशीच राहिली, तर आवाज चाकांचा. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर आल्यावर टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. लांब, सौम्य वळणावर डावीकडे जाताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर.

मग पुढचे चाक उचला. मागच्या चाकांना दगड, गाडीखाली स्टँड, गिअर न्यूट्रलमध्ये. नुसत्या जॅकवर विसंबू नका. एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळहाताला जाणवते, अगदी वाळू दळल्यासारखी. चाक वर-खाली हलवून 'प्ले (ढिलेपणा) नाही, बेअरिंग ठीक आहे' असे सांगतात, ते मात्र पटत नाही. प्ले बऱ्याचदा शेवटी येतो, आवाज आधी.

इतर आवाज वेगळे असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना 'कट-कट' आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा चाकाकडचा सांधा. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आत उडालेले दिसते. छोट्या खड्ड्यात 'टक-टक' झाली तर आधी लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनची छोटी जोडदांडी, पाहावा.

बऱ्याच गाड्यांत पुढचे बेअरिंग नकलमध्ये (चाक धरून ठेवणाऱ्या भागात) दाबून बसवलेले असते. ते हायड्रॉलिक प्रेसवरच, बाहेरच्या कड्यावर दाब देऊन बसवावे. हातोड्याने ठोकले की गोळ्यांच्या वाटेला खळगे पडतात आणि नवे बेअरिंगही लवकरच बोलू लागते. एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत काही बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते. ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच यायला हवी, नाहीतर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. एक्सल नट नवा घ्यावा आणि टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळावा.

शहरातल्या गॅरेजवाल्यांना विनंती, की जुने बेअरिंग भंगारात टाकण्याआधी गिऱ्हाईकाच्या हातात द्यावे. आतल्या कड्यावरून नख फिरवले की गंजाचे खड्डे लागतात.

— एक वाचक, बडोदा